व्याख्या तोंडपाठ, तरी रसग्रहणात गुण का जातात?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा दहावीला, सेमी-इंग्रजीत. इंग्रजीतल्या वीसेक अलंकारांच्या व्याख्या तो घडाघडा म्हणतो. तरी सराव परीक्षेत कवितेच्या रसग्रहणात गुण गेले आणि तपासणाऱ्या बाईंनी समासात 'एक्स्प्लेन' एवढंच लिहून ठेवलं. परीक्षेला तीन आठवडे उरलेत, तेवढ्यात व्याख्या आणखी पक्क्या कशा करून घ्याव्यात?

व्याख्या पक्क्याच आहेत त्याच्या. त्यांच्यावर आता एक संध्याकाळही घालवू नका. मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका शाळेत बरीच वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवतेय आणि सराव परीक्षेचे पेपर तपासताना दर वर्षी हेच दिसतं. मुलं ओळीखाली रेघ मारतात, 'मेटाफर' (रूपक) लिहितात आणि तिथेच थांबतात. आम्ही शिक्षक त्यांना अलंकार ओळखायला शिकवतो, पण तो त्या ओळीत बसून काय काम करतोय हे विचारायला वर्गात वेळच उरत नाही. समासातला शेरा नेमकं तेच मागतोय.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बघा. राज्य मंडळाच्या रसग्रहणात शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे ठरलेले असतात. सीबीएसईत कवितेच्या ओळी देऊन त्यांवर प्रश्न विचारतात, आणि आयसीएसईला तर साहित्याचा पेपरच वेगळा असतो. तेव्हा शाळेने दिलेली नमुना प्रश्नपत्रिका समोर ठेवूनच बसा. दुसरं, त्याला कविता कळते का ते तपासा. त्याला म्हणावं, कवितेत काय चाललंय ते चार वाक्यांत मराठीत सांग, घरी बोलतोस त्या बोलीत सांग. ते जमलं नाही तर अलंकार बाजूला ठेवा आणि आधी अर्थावर बसा. ज्या कवितेचा अर्थच लागलेला नाही तिच्यातला अलंकार नुसता शब्दांवर चिकटवलेला राहतो, आणि तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं.

अर्थ लागत असेल तर माझा सल्ला एकच आहे: उजळणी अलंकारांच्या यादीवरून करू नका, कवितेवरून करा. तीन-चार कविता घ्या आणि त्या पुऱ्या आपल्या करा. प्रत्येक ओळीपाशी एक प्रश्न विचारायचा: हेच साध्या भाषेत सांगितलं असतं तर काय हरवलं असतं? मी वर्गात याला 'काढून बघा' म्हणते. अलंकार काढून ओळ सपाट करून बघायची. जे गेलं, तेच उत्तरात लिहायचं.

उदाहरणाशिवाय हे हवेतलं वाटेल, म्हणून एक कविता नीट उलगडून दाखवते. सॅम्युएल टेलर कोलरिजची 'द राइम ऑफ द एन्शंट मरिनर' ही दीर्घकविता 1798 साली प्रसिद्ध झाली. एक म्हातारा खलाशी आपली गोष्ट सांगतो. त्याने विनाकारण एका अल्बट्रॉस पक्ष्याला मारलं, आणि पुढे त्यांचं जहाज भर समुद्रात वाऱ्याविना अडकून पडलं. पाठ्यपुस्तकात असो वा नसो, हिची काही कडवी मी वर्गात वाचतेच. आमच्याकडची बरीच मुलं मच्छीमार घरांतली आहेत. वारा पडणं म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायची गरज नसते.

जहाज जोरात चाललेलं असताना कवी लिहितो: 'द फेअर ब्रीझ ब्लू, द व्हाइट फोम फ्लू, द फरो फॉलोड फ्री.' मोठ्याने म्हणा. फोम, फ्लू, फरो, फॉलोड, फ्री. अनुप्रास, म्हणजे अ‍ॅलिटरेशन, कुणालाही सापडेल. लगेच पुढच्या कडव्यात जहाज थांबतं: 'डाउन ड्रॉप्ट द ब्रीझ, द सेल्स ड्रॉप्ट डाउन.' इथेही अनुप्रासच, 'ड'चा. व्याख्या लिहिली तर दोन्ही ओळींचं उत्तर शब्दशः एकच येईल. आता ते दोन आवाज तोंडात कसे होतात ते मुलाला करून बघायला सांगा. इंग्रजी 'एफ' म्हणताना हवा दात आणि ओठ यांच्यामधून वाहत राहते. 'डी' म्हणताना जीभ वर टेकते आणि हवा अडते. पहिल्या ओळीत वारा वाहतोय आणि तोंडातली हवाही वाहतेय, दुसऱ्या ओळीत वारा अडला आणि हवाही अडली. अलंकार एकच, काम अगदी उलटं. हे एकदा स्वतःच्या तोंडाने अनुभवलं की अनुप्रासावर काय लिहायचं हा प्रश्न मुलाला पुन्हा पडत नाही.

त्या दुसऱ्या ओळीत अजून एक गंमत आहे. साधं वाक्य 'द ब्रीझ ड्रॉप्ट डाउन' असं झालं असतं. कवीने 'डाउन' उचलून सुरुवातीला नेला. हा झाला इन्व्हर्जन. त्यामुळे ओळ 'डाउन'ने सुरू होते आणि 'डाउन'वरच संपते. वाचणाऱ्याला दोन्ही टोकांना तोच खाली जाणारा शब्द भेटतो. एका ओळीतून दोन अलंकार निघाले आणि दोघांचं काम एकाच दिशेचं आहे. असं जिथे सापडेल तिथे दोन्ही एकत्र लिहावेत.

मग येतं थांबलेल्या जहाजाचं वर्णन: 'अ‍ॅज आयडल अ‍ॅज अ पेंटेड शिप अपॉन अ पेंटेड ओशन.' सिमिली, म्हणजे आपली उपमा. मुलं लिहितात, 'जहाजाची तुलना चित्राशी केली आहे.' बरोबर आहे, पण अर्धंच. मी विचारते, चित्रातल्या जहाजाला वारा कधी मिळेल? कधीच नाही. बंदरात नांगरलेलं जहाजही स्थिर असतं, पण ते उद्या निघू शकतं. रंगवलेलं जहाज निघू शकत नाही, त्याच्याखालचा समुद्रही रंगवलेलाच. म्हणजे उपमेने नुसती स्थिरता सांगितली नाही, सुटकेची आशा संपली हे सांगितलं. 'द शिप डिड नॉट मूव्ह' एवढंच लिहिलं असतं तर ही आशा संपणंच हरवलं असतं.

आणि शेवटी सगळ्यांना माहीत असलेली ओळ: 'वॉटर, वॉटर, एव्हरी व्हेअर, नॉर एनी ड्रॉप टु ड्रिंक.' रिपिटिशन तर दिसतंच, विरोधाभासही दिसतो. ही ओळ समजवायला मला कोकणात कधीच कष्ट पडले नाहीत. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावरच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, समोर समुद्र पसरलेला असतो आणि प्यायच्या पाण्यासाठी हंडे घेऊन लांब जावं लागतं. मुलांना यातला विरोध अंगाने माहीत आहे. त्यांनी तो इंग्रजीत लिहायचा, एवढंच उरतं.

आता दुसरी, अगदी वेगळ्या जातीची कविता. रवींद्रनाथांची 'व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर', 1912 च्या इंग्रजी 'गीतांजली'तली पस्तिसावी. शाळेत बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी भेटते. हिच्यात यमक नाही, त्यामुळे मुलं गोंधळतात आणि जुळवून काहीतरी यमक लिहून देतात. तसं करू नये. मुक्तछंद आहे, 'फ्री व्हर्स' लिहावं. तिच्यात बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: सबंध कविता एकच वाक्य आहे. 'व्हेअर', 'व्हेअर', 'व्हेअर' अशा पायऱ्या चढत जातात आणि मुख्य क्रियापद येतं ते शेवटच्या ओळीत, 'लेट माय कंट्री अवेक'. त्या 'व्हेअर'ची पुनरावृत्ती काढून सुटी वाक्यं केली तर नुसती मागण्यांची यादी उरेल. आत्ता मात्र वाचणारा शेवटपर्यंत श्वास धरून राहतो आणि त्या एका मागणीपाशी सोडतो. शेवटच्या ओळीतलं 'माय फादर' हे देवाला केलेलं थेट संबोधन, म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रफी. म्हणून ही कविता भाषण न राहता प्रार्थना होते.

याच कवितेतला विवेकाचा स्वच्छ झरा आणि मेलेल्या सवयींची रखरखीत वाळू हा मेटाफर परीक्षेत हमखास लिहिला जातो, आणि हमखास अर्धा लिहिला जातो. 'रीझनला स्ट्रीम म्हटलं आहे' इथेच मुलं थांबतात. त्यांना म्हणावं, उन्हाळ्याच्या तोंडाला व्हाळ, म्हणजे ओढा, समुद्राकडे येतो आणि पुळणीत पोचता पोचता वाळूतच जिरून जातो, ते आठव. झरा कुणी अडवत नाही, कुणी बांध घालत नाही, तो नकळत जिरतो. विचारशक्तीही सवयीत तशीच नकळत जिरते. रूपकाने सांगितलं ते हे, आणि ते दोन वाक्यांत लिहिता येतं.

इथवरचं थोडक्यात: ओळ निवडायची, अलंकाराचं नाव लिहायचं, मग ओळ सपाट करून काय हरवतं ते एका-दोन वाक्यांत सांगायचं. उत्तराची इंग्रजी साधीच ठेवा. वरच्या अनुप्रासावर 'द एफ साउंड कीप्स मूव्हिंग लाइक द विंड. द डी साउंड स्टॉप्स, जस्ट अ‍ॅज द शिप स्टॉप्स' एवढं लिहिलं तरी माझ्या दृष्टीने ते पूर्ण उत्तर आहे. 'द पोएट हॅज ब्यूटिफुली यूझ्ड' छापाच्या वाक्यांनी काही साधत नाही.

यमकरचनेचे गुण सगळ्यात सोपे आणि तरीही जाणारे. मराठीतून शिकलेली मुलं डोळ्यांनी यमक शोधतात, कारण मराठीत लिहितो तसंच साधारण म्हणतो. इंग्रजीत कानाने शोधावं लागतं. रॉबर्ट फ्रॉस्टची 1923 सालची 'स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग' यासाठी उत्तम. पहिल्या कडव्यात 'नो', 'दो', 'स्नो' जुळतात. तिघांची स्पेलिंगं लिहून बघा, 'दो'चा शेवट बाकी दोघांसारखा दिसणार नाही. उलट 'कम' आणि 'होम' कागदावर जुळलेले दिसतात, ऐकायला जुळत नाहीत. म्हणून यमक लिहायच्या आधी शेवटचे शब्द पुटपुटायचे, परीक्षेतसुद्धा, ओठांतल्या ओठांत.

फ्रॉस्टच्या त्या कवितेची रचना मला फार आवडते. पहिलं कडवं एएबीए, म्हणजे एका आवाजावर संपणाऱ्या ओळींना एकच अक्षर. सुटा राहिलेला तिसऱ्या ओळीचा आवाज पुढच्या कडव्याचा मुख्य आवाज होतो, बीबीसीबी, मग सीसीडीसी. प्रत्येक कडवं पुढच्याचा हात धरून जातं, प्रवासाला निघालेल्या माणसासारखं. शेवटच्या कडव्यात मात्र चारही ओळी एकाच आवाजाच्या, डीडीडीडी, कारण पुढे जायला कडवंच नाही. यमकरचनासुद्धा अर्थाचं काम करते हे मुलाला इथे दिसतं. बर्फ त्याने पाहिलेला नसेल, त्याने काही बिघडत नाही. अंधारात घरची वाट चालताना रानाकडे बघत क्षणभर थांबलेला माणूस त्याला समजेल. आणि कधी गणपतीपुळ्याला गेलात तर शेजारी मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, तिथे त्याला अवश्य न्या. इंग्रजी सॉनेटवरून मराठीत चौदा ओळींचं सुनीत आणणारा कवी याच किनाऱ्यावरचा, हे कळलं की मुलांना इंग्रजी कविता परक्या घरची वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता नेहमी होणारे घोटाळे भरभर सांगते. 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसलं म्हणजे सिमिली झालीच असं नाही. 'ही लुक्स लाइक हिज ब्रदर' यात अलंकार नाही, कारण माणसाची माणसाशीच तुलना आहे. सिमिलीला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात. अनुप्रास अक्षराचा धरायचा नाही, उच्चाराचा धरायचा: 'सिटी' आणि 'कॅट' एकाच अक्षराने सुरू होतात, पण अनुप्रास होत नाही, 'नाइफ' आणि 'नाइट' यांचा होतो. पर्सॉनिफिकेशन म्हणजे मराठीत शिकलेली चेतनगुणोक्ती, तेव्हा ते वेगळं पाठ करायला नको. मात्र मराठीत उपमा आणि उत्प्रेक्षा वेगळ्या असतात, तर शालेय इंग्रजीत 'अ‍ॅज इफ'वालं वाक्यही सहसा सिमिलीतच जातं. ट्रान्स्फर्ड एपिथेट, म्हणजे एकाचं विशेषण दुसऱ्याला लावणं, मुलांना जड जातो. थॉमस ग्रेच्या ओळीतला नांगऱ्या 'वीअरी वे' चालत घरी जातो. थकलाय तो, वाट थकलेली नाही, पण विशेषण वाटेला लावलंय, कारण थकलेल्याला वाटही थकलेलीच वाटते. हे एक उदाहरण डोक्यात राहिलं तरी पुरे.

गद्य पाठांना मुलं फार गृहीत धरतात. तिथे अलंकारांपेक्षा गोष्ट कशी रचली आहे हे बघावं लागतं, आणि त्यासाठी गोष्ट दुसऱ्यांदा वाचण्यासारखा उपाय नाही. मोपासाँची 'द नेकलेस' ही 1884 सालची कथा घ्या. मातिल्द मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार मागून आणते, तो हरवतो, छत्तीस हजार फ्रँकचा तसाच हार घेऊन परत करते आणि नवरा-बायको दहा वर्षं कर्ज फेडत राबतात. शेवटी मैत्रीण सांगते, माझा हार खोटा होता, फार तर पाचशे फ्रँकचा. ही सिच्युएशनल आयरनी, म्हणजे अपेक्षेच्या उलट घडणं; ती सगळ्यांना कळते. दुसऱ्या वाचनात बघा: हार हरवल्यावर ते ज्या सराफाचं नाव डबीवर होतं त्याच्याकडे जातात, आणि तो म्हणतो, हार मी विकलेला नाही, डबी तेवढी माझी. मैत्रिणीनेही हार देताना जराही आढेवेढे घेतलेले नसतात. उत्तर आधीपासून आपल्यासमोर होतं, आपल्याला दिसलं नाही. हे फोरशॅडोइंग, म्हणजे पुढच्याची आधीच दिलेली चाहूल. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही कथेला हीच रीत लावा: शेवट माहीत असताना सुरुवात पुन्हा वाचा आणि लेखकाने कुठे काय पेरलंय ते पेन्सिलीने खुणा करत शोधा.

ड्रॅमॅटिक आयरनीसाठी तर आपल्याकडे जत्रेतला दशावतार आहे. सीताहरणाचं आख्यान लागलेलं असतं. साधूच्या वेशात आलाय तो रावण, हे देवळासमोर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक, सीतेला मात्र ठाऊक नाही. ती भिक्षा घेऊन पुढे येते तेव्हा पुढच्या रांगेतल्या पोरांचे जीव टांगणीला लागतात. प्रेक्षकाला माहीत आणि पात्राला माहीत नाही, यातून जो ताण तयार होतो तीच ड्रॅमॅटिक आयरनी. शेक्सपिअरच्या नाटकांत ती पदोपदी आहे, पण मुलाने ती आधीच रात्रभर जागून पाहिलेली असते.

तीन आठवड्यांचं म्हणाल तर पहिले दोन आठवडे रोज एक कविता किंवा एक पाठ, मोठ्याने वाचून. इंग्रजी उच्चाराची खात्री नसेल तर मोबाइलवर ऐकून घ्या. यमक आणि अनुप्रास दोन्ही कानावर उभे आहेत. प्रत्येक कवितेतून त्याला स्वतःला आवडलेल्या दोन ओळी निवडू द्या आणि त्यांवर चार-पाच वाक्यं लिहू द्या. तुम्ही निवडून देऊ नका, गाइडमधूनही नको. गाइडमधलं तयार रसग्रहण वाईटच असतं असं नाही, पण वर्गातल्या निम्म्या मुलांनी तेच लिहिलेलं असतं, आणि त्याचा शब्दसंग्रह तुमच्या मुलाच्या बाकीच्या उत्तरांशी जुळत नाही. तुम्हाला इंग्रजी फारसं येत नसलं तरी अडत नाही. त्याने ओळ वाचावी आणि तुम्ही मराठीत विचारावं, 'बरं, असं का म्हटलं असेल?' त्याला जे मराठीत सांगता आलं ते तो इंग्रजीत लिहू शकेल.

शेवटचा आठवडा वेळ लावून लिहिण्याचा. न वाचलेली एखादी सोपी इंग्रजी कविता द्या. पहिल्या वाचनात हातात पेन नको, फक्त कोण बोलतंय आणि कुणाशी हे शोधायचं. दुसऱ्या वाचनात ओळींच्या शेवटी यमकाची अक्षरं लिहायची. तिसऱ्यांदा वाचताना जी ओळ सगळ्यात वेगळी वाटली तिच्याखाली रेघ, आणि अलंकार त्याच ओळीत शोधायचा. बहुतेक वेळा तो तिथेच असतो. मध्यवर्ती कल्पना सगळ्यात शेवटी लिहायची, कारण इतकं सगळं बघून झाल्यावर ती आपोआप दोन वाक्यांत सांगता येते. सुरुवातीलाच लिहायला बसलं तर ती शीर्षकाचीच उजळणी होते.